शिक्क्याशिवायचं शिफारसपत्र

पोर्टलवर शेवटचा प्रश्न होता : 'विद्यार्थिनीचे मार्क कमी का आहेत, याची आपल्याला कल्पना आहे का?' कल्पना नाही, असं ठोकून देता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण मला पक्कं माहीत होतं. त्यातले काही मार्क मीच कापले होते.

मी घनसावंगीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. समीना माझी विद्यार्थिनी. तिच्या वडिलांचं शहागडला हायवेवर पंक्चरचं दुकान आहे. बी.एस्सी.ला कसेबसे बावन्न टक्के, त्यात सेकंड इयरच्या प्रॅक्टिकलला एकदा नापास. आणि पोरीने एम.एस्सी.साठी अर्ज केला होता थेट पुण्याच्या एका संशोधन संस्थेत. प्रवेश परीक्षा चांगली गेली होती, पण ही मार्कशीट बघून तिथे कोणीही नाक मुरडलं असतं. सगळी भिस्त शिफारसपत्रावर.

"मॅडम, आज पाचपर्यंतच मुदत हे," स्टाफरूमच्या दारातून ती म्हणाली. "अब्बा म्हणले, या साली नंबर लागला तर जा, न्हाई तर बी.एड. कर."

"लिहिते गं. बस तू," मी म्हणाले.

झालं होतं असं. प्रॅक्टिकलला टायट्रेशन होतं. म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात आम्ल थेंबथेंब सोडायचं आणि रंग बदलला की किती मिली आम्ल लागलं ते वाचायचं. आमच्याकडे वाचतं कोण? मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये दहा असतं, म्हणून सगळे दहा लिहितात. आम्हीही दहा बघून टिक करतो. समीनाने लिहिलं ८.६. तीनदा केलं, तीनदा तेच. मी तिला नापास केलं.

पुढच्या वर्षी त्याच बरणीतून केलेलं द्रावण तपासलं तेव्हा कळलं, कॉस्टिक सोड्याच्या बरणीचं झाकण सैल होतं. सोडा हवेतलं पाणी ओढतो. मग वजन तेवढंच भरलं तरी आत माल कमी. द्रावण मीच बनवलं होतं. अख्ख्या वर्गात तिचं एकटीचं उत्तर खरं होतं. तोवर निकाल विद्यापीठात जाऊन बसला होता, आणि मीही गप्प बसले.

आता सगळं पत्रात लिहिलं. बाकीच्या विषयांत ती सुमारच आहे, हेही लिहिलं. पण आमच्या कॉलेजातून शिक्क्याशिवाय कागद बाहेर जात नाही. प्राचार्यांनी पत्र वाचून चष्मा काढला.

"मॅडम, शिफारस मागितली हे, कबुलीजबाब न्हाई. तिकडं कॉलेजच्या तपासणीला समिती येऊन राह्यली, अन् तुम्ही असं लिहून देता?"

"खरं आहे ते, सर."

"खरं हे, बराबर हे. पण ही द्रावणाची ओळ काढा, लगेच शिक्का मारतो."

सव्वाचार वाजले होते. ओळ काढली तर उरत होतं काय? 'स्वभावाने चांगली, मेहनती.' असलं पत्र मी दरवर्षी मागेल त्याला देते. साध्या कागदावर सही केली, खाली मोबाइल नंबर लिहिला आणि अपलोड केलं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. शिक्का नाही म्हणून पत्र बाद केलं, तर माझ्या शहाणपणापायी पोरीचं वर्ष जाणार. नाही केलं, तर माझी अब्रू जाणार. फोन वाजला की आधी नंबर पुण्याचा आहे का ते बघायचे.

मुलाखत झाली, यादी लागली आणि समीनाचा फोन आला. "मॅडम, नंबर लागला!"

डोळे भरून आले. "काय विचारलं गं?"

"तुमचं पत्रच समोर ठेवल्तं. सोडा किती कमी पडला म्हणून ८.६ आलं, ते काढायला लावलं. मी बिलकुल बराबर काढलं. मंग त्यांनी विचारलं, तेव्हाच मॅडमला का न्हाई सांगितलं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, सांगितल्तं. दोनदा."

सांगितलं होतं खरंच. 'सगळ्यांचं दहा येतंय, तुझंच कसं चुकतं?' असं म्हणून मी तिला हाकललं होतं. सगळं खरं लिहिलं म्हणून मी स्वतःवर खूश होते, आणि नेमकं एवढंच लिहायचं सोयीने विसरले होते.

हल्ली परीक्षेआधी द्रावण मी स्वतः तपासते. आणि कोणाचं उत्तर वेगळं आलं, तर नापास करायच्या आधी त्याचं ऐकून घेते.