काचेवरची ढोलकी

आमच्या शिंदखेड्याच्या गायनपार्टीत मी गाते, धाकटा भाऊ कीबोर्ड वाजवतो आणि ढोलकीवर आबा, म्हणजे आमचे वडील. मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. थाप मारली की पाठीपर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी ढोलकी बंद सांगितली, तर आबांनी डॉक्टरच बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं.

मग भावाने टॅब आणला. काचेवर गोल चकत्या दिसतात, बोट टेकवलं की आवाज निघतो. "आबा, ठोकानं कामच नई. फक्त बोट टेकाडा," तो म्हणाला. पण त्यातली ढोलकी आबांना पटेना. पत्र्याचा डबा म्हणाले तिला. तेव्हा भावाने आबांचीच ढोलकी त्यात भरायची ठरवली. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या हातापाया पडून गिरणी थांबवली. आबा कळ सोसत एकेक बोल वाजवत होते. एखादा मनासारखा नाही निघाला की स्वतःच म्हणायचे, "हाऊ लेऊ नको, दुसरा देस." किती खुशीत होते त्या दुपारी! मलाही हायसं वाटलं. आबा आता पार्टीतून उठणार नव्हते.

आवाज हुबेहूब उतरला. आबांनी मांडी घातली, टॅब पुढ्यात घेऊन त्याला नमस्कार केला आणि ढोलकीआधी चोळतात तशी दोन्ही हातांना पावडर चोळली. बोट टेकवलं. काहीच नाही. जरा जोरात टेकवलं, तरी नाही. भावाने हसत पावडर पुसून दिली. तरीही बोट चारदा टेकवावं तेव्हा एकदा वाजायचं. जन्मभर चामडं बडवून बोटांची टोकं घट्टे पडून कोरडी झालेली, काचेला ती कळतच नव्हती.

"अरे, मी आठे शे!" आबा टॅबला म्हणाले, मी इथेच आहे म्हणून. आम्ही हसलो. ते पुन्हा तसंच म्हणाले, तेव्हा कुणी हसलं नाही.

मग रोज कोमट पाण्यात बोटं बुडवणं, खोबरेल चोळणं सुरू झालं. नव्या नवरीचे लाड चाललेत, असं मी चिडवायची. शेवटी एका सकाळी त्यांनी टॅब भावाकडे सरकवला. "तू वाजाड." भावाच्या मऊ बोटांखाली आबांची ढोलकी बोलायला लागली. मला त्याचा राग आला, आणि त्याचा काहीच दोष नाही म्हणून जास्तच आला.

सावदा गावातल्या जयंतीच्या कार्यक्रमाला आबा सोबत आले, पण पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले. गाताना मी सवयीने समेवर मागे पाहिलं. एरवी तिथे आबा मान डोलवायचे. कीबोर्ड बाजूला ठेवून भाऊ काचेत डोकं घालून बसला होता. ढोलकी मात्र तीच होती, एक थापही इकडची तिकडे नाही.

कार्यक्रम संपल्यावर तिथले एक कार्यकर्ते आबांजवळ आले. "आबा, आज खालीच बसलात? वाजवलं नाही?"

आबांनी मांडीवरचे हात उचलले नाहीत. "वाजाडं ना," ते म्हणाले. "बठ्ठं मीच वाजाडं."

सगळं आपणच वाजवलं, ही कार्यकर्त्यांना थट्टा वाटली, ते हसले. भाऊ टॅब पिशवीत घालत होता. तो हिसकावून आपटावा असं मला फार वाटलं, पण त्यात आबा होते.