पापलेट संपेपर्यंत

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. आई सटाण्याची, कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा खात नसत. "विकायला चालतो, खायला चालत नाही," असं वडील तिला चिडवत. वडील चांदवडचे, मटण खाणाऱ्या घरातले. पाटबंधारे खात्यात लागल्यावर त्यांची पहिली नेमणूक अलिबागला झाली आणि तिथे त्यांना मासळीची चटक लागली. लग्नानंतर दोघांत जी तडजोड झाली ती शेवटपर्यंत टिकली. मासा खायचा तो बाहेर. घरात तो येणार नाही, शिजवलेलाही नाही आणि हॉटेलातून बांधून आणलेलाही नाही.

नाशिकला समुद्र नाही. मासळी बर्फातून घाट चढून येते. त्यामुळे वडिलांचा इथल्या मासळीवर फारसा विश्वास नव्हता. अपवाद एकच, गंगापूर रोडवरचं एक चायनीज हॉटेल. दारात रंगीत माशांची टाकी, आत लाल कंदील, आणि कोपऱ्यात एक मोठं गोल टेबल. टेबलाच्या मध्यावर फिरती काच होती. बोटाने ढकलली की सूपचा वाडगा समोरच्याकडे जाई आणि मिरच्या घातलेलं व्हिनेगर आपल्याकडे येई. एरवी आम्ही तिथे कोळंबी आणि फ्राइड राइस खायचो. कधीकधी मात्र वडील अख्खं पापलेट मागवत. आलं आणि पातीचा कांदा घालून वाफवलेलं, लांबट प्लेटमध्ये, डोक्यासकट. आईसाठी व्हेज हक्का नूडल्स. त्या वेगळ्या कढईत करायला वडील न विसरता सांगत.

पापलेटाचा एक नियम होता. आधी मासा, मग गप्पा. काटा घशात अडकतो, म्हणून मासा संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ हा नियम पाळायचो. आईला तो लागू नव्हता, कारण तिच्या ताटात काटा नसे. ती अधूनमधून काहीतरी बोलायची, पंख्याचं, शेजारच्यांचं, आणि आम्ही मानेने उत्तर द्यायचो. प्लेटमध्ये फक्त सांगाडा उरला की ती काच फिरवून प्लेट वडिलांसमोर आणायची. वडील वाटेच्या बाजूला बसत. वेटरला उचलायला सोपं जावं म्हणून ती असं करते, अशी माझी समजूत होती.

मग वडील खुर्ची पुढे ओढत आणि म्हणत, "एक सांगायचं होतं."

पहिल्यांदा जे सांगायचं होतं ते कुत्र्याबद्दल होतं. आमच्याकडे एक तपकिरी गावठी कुत्रा होता. तो शेजाऱ्याच्या कोंबड्यांमागे लागे आणि त्यावरून कटकट चालू होती. मी पाचवीत होते. त्या दुपारी मी पापलेटचा एक तुकडा नीट चाचपून, काटा नाही याची खात्री करून, कागदी रुमालात गुंडाळला आणि फ्रॉकच्या खिशात ठेवला होता. तो घरात न नेता अंगणातच द्यायचा, म्हणजे नियम मोडणार नाही, असा माझा हिशेब होता. वडिलांनी सांगितलं की कुत्रा चांदवडच्या शेतावर पाठवला आहे, तिथे त्याला मोकळं राहता येईल. आम्ही जेवत असतानाच काका येऊन त्याला घेऊन गेले होते. मी आईकडे पाहिलं. ती मान खाली घालून काट्या-चमच्याने नूडल्स उलगडत होती. तिलाही हे आत्ताच कळलं असावं, असं मला वाटलं. तिच्याबद्दल वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा वडिलांची बदली कळवणला झाली होती. पापलेट संपलं, काच फिरली, आणि कळलं की आईवडील आणि भाऊ कळवणला जाणार आणि मी शाळेसाठी नाशिकलाच मावशीकडे राहणार. भाऊ लहान होता, मी शहाणी होते. संध्याकाळी मला मावशीचं घर दाखवायला नेलं तेव्हा तिने कपाटाचा एक कप्पा माझ्यासाठी रिकामा करून त्यात नवा कागदही अंथरला होता. त्याही वेळी हॉटेलात आई नूडल्सकडे पाहत होती. टेबलाच्या ज्या बाजूला बातमी नुसती ऐकायची असते त्या बाजूला आम्ही दोघी बसलो आहोत, असं मी धरून चालले. पुढे वर्षानुवर्षं तसंच धरून चालले.

नंतर मी मुंबईला एका वृत्तपत्राच्या डेस्कवर लागले. तिथे वर्सोव्याची एक सहकारी होती. कोळ्यांची मुलगी. तिला मी एकदा आमच्या घरचा नियम सांगितला. ती हसायची थांबेना. "अगं, पापलेटला काटे असतात कुठे? मधला एक तेवढा. आमच्यात लहान पोरांना पहिला मासा देतात तो पापलेटच, काट्याची भीती नको म्हणून." घाटावरच्या माणसांचं अज्ञान म्हणून मी तिच्याबरोबर हसले. मग लक्षात आलं की वडील अलिबागला राहिलेले होते. त्यांना हे माहीत नसणं शक्य नव्हतं. पुढच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "नियम तुझ्या आईचा. तिला विचार." आयुष्यात मासा न चाखलेल्या बाईने माशाचा नियम करावा, हा विनोद आहे असं समजून मी विषय सोडला.

वडील गेले तेव्हा भाऊ पुण्यात होता, मी मुंबईत. आई गंगापूर रोडच्या मागच्या कॉलनीतल्या आमच्या बैठ्या घरात एकटी राहिली. आजूबाजूचे बंगले एकेक करून पाडले जात होते आणि तिथे इमारती उठत होत्या. काही महिन्यांनी तिचा फोन आला. ती म्हणाली, "तू आलीस तर हे घर राहील." वाक्य जसंच्या तसं लिहिते आहे. बोललेलं शब्दशः लक्षात ठेवणं हाच माझा व्यवसाय होता. मी मुंबई सोडली आणि नाशिकच्या आवृत्तीत कमी जबाबदारीचं काम घेतलं. मागच्या खोलीत टेबल लावलं. खिडकीबाहेर शेवग्याचं झाड होतं. आईच्या गुडघ्यांमुळे भाजी, बँक, दवाखाना हे सगळं माझ्याकडे आलं. मी ते केलं आणि त्याबद्दल तक्रार नव्हती. घर राहणार होतं. त्या घरात माझं उरलेलं आयुष्य कसं जाईल याचा मी अंदाजही बांधला होता, आणि तो मला मान्य होता.

गेल्या वर्षी पावसाळा संपताना भावाचा फोन आला. "ताई, उद्या रविवार आहे. दुपारी बाबांच्या हॉटेलात जाऊ." वडील गेल्यापासून आम्ही तिथे गेलो नव्हतो. तो एकटाच आला. बायको-मुलांना का आणलं नाही असं विचारलं, तर मुलांची परीक्षा आहे म्हणाला.

हॉटेल बदललं होतं. कंदील गेले होते, माशांची टाकी रिकामी होती, मेनू फोनवर बघायचा होता. कोपऱ्यातलं गोल टेबल आणि त्याची फिरती काच मात्र तशीच होती. भावाने मेनू उघडलाच नाही. ऑर्डर घेणाऱ्या कॅप्टनला म्हणाला, "एक अख्खं पापलेट, स्टीम. आणि एक व्हेज हक्का. वेगळ्या कढईत."

पापलेट आलं. आम्ही खायला लागलो. काट्यांचा खुलासा मी भावाला केव्हाच केला होता, नियमाला आता काही अर्थ उरला नव्हता. तरी तो बोलत नव्हता. आई बोलत होती. एसी जास्त आहे. समोरच्यांनी गाडी बदलली. दुधवाला हल्ली उशिरा येतो. मी तिला उत्तरं देत होते आणि भावाकडे पाहत होते. तो लहान लहान घास घेत होता.

शेपटीकडचा एक तुकडा उरला तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

"घे ना तो," आई म्हणाली. "गार होतोय."

मी नको म्हटलं.

"मग तू घे."

भावाने तुकड्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास उचलला. तुकडा तसाच राहिला. मासा संपला नव्हता. आईने थोडी वाट पाहिली. मग तिने काचेच्या कडेला बोट लावलं आणि काच फिरवली. प्लेट माझ्यासमोरून पुढे गेली आणि भावासमोर थांबली. तो वडिलांच्या जागी बसला होता. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"ताई, एक सांगायचं होतं."

मी त्याच्याकडे पाहत नव्हते. आईचं बोट अजून काचेच्या कडेवर होतं. ते बोट मी लहानपणापासून पाहत आले होते.

"तू थांब," मी त्याला म्हणाले. "आई, तू सांग."

तिने कागदी रुमालाने तोंड पुसलं. आढेवेढे घेतले नाहीत. "घराचं साठेखत केलंय. दिवाळीनंतर बिल्डर ताबा घेईल. मी याच्याकडे पुण्याला जाणार."

"कधी केलं?"

"तू चांदवडला गेली होतीस ना, तेव्हा."

कांद्याचे लिलाव बंद पडले होते, त्याच्या बातमीसाठी मी चांदवडला गेले होते आणि रात्री काकांकडे राहिले होते. दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा आईने पिठलं-भाकरी वाढली होती आणि लिलाव सुरू झाले का म्हणून विचारलं होतं. घर तिच्या नावावर होतं. माझ्या सहीची गरज नव्हती. विक्रीचा करार होऊन गेला होता. एका शहराच्या बातम्या रोज हातातून जात असताना माझ्या घराची बातमी मला बिल्डरच्या कारकुनानंतर कळत होती.

भाऊ बोलू लागला. आईचे गुडघे, पुण्याची लिफ्ट, ऑफिसजवळ मला मिळू शकेल असा फ्लॅट. तो मनापासून बोलत होता. आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, त्रास करून घेतला असता, असंही म्हणाला. मी ते ऐकून घेतलं आणि आईला विचारलं, "कुत्र्याचं कोणी ठरवलं होतं?"

कुठला कुत्रा, असं तिने विचारलं नाही.

"मीच," ती म्हणाली. "ह्यांना ठरवायला कुठे जमायचं? सांगायला तेवढं जमायचं."

"आणि मला मावशीकडे ठेवायचं?"

"ताई, आता ते कशाला," भाऊ म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. "कोणीतरी ठरवावंच लागतं," ती म्हणाली.

"पापलेटला काटे नसतात, हे तुला माहीत होतं?"

"मी कुठे खाल्लंय कधी," आई म्हणाली, आणि नूडल्सचा उरलेला घास संपवला.

कॅप्टन प्लेट उचलायला आला आणि त्याने तुकडा बांधून देऊ का म्हणून विचारलं. आई नको म्हणाली. मी म्हणाले, "द्या बांधून." गाडीत तो डबा माझ्या मांडीवर होता. आईने तिच्या बाजूची काच खाली केली. भाऊ आम्हाला दारात सोडून तसाच पुण्याला निघाला.

घरात आल्यावर मी फ्रिज उघडला आणि वरच्या कप्प्यात, दह्याच्या भांड्याशेजारी, डबा ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तो इथे नको," ती म्हणाली.

"मग कुठे ठेवू?" मी विचारलं.

ती ओट्याकडे वळली. मी मागच्या खोलीत गेले आणि संध्याकाळच्या पानाचं काम सुरू केलं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. फ्रिजचं दार पुन्हा पुन्हा उघडत आणि बंद होत होतं. तो आवाज थांबल्यावर मी पाणी प्यायला उठले.

फ्रिजमध्ये डबा मी ठेवला होता तिथेच होता. तिने त्याला हात लावला नव्हता. बाकी सगळे कप्पे रिकामे होते. दूध, दही, लोणी, भिजवलेली मटकी, आपलं सगळं तिने बाहेर काढून ओट्यावर मांडून ठेवलं होतं.