वाढता दिवा

माझ्या वडिलांच्या धारच्या घरात, ते काम करायला बसत त्या जागेसमोरच्या भिंतीवर, परवापर्यंत एक लाल दिवा लागत असे. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याच्याखाली साबणाच्या डबीत बसवलेली एक चिप, आणि डबीतून निघून दारावरच्या घंटीच्या बटणापर्यंत गेलेली वायर. बाबांना जाऊन आता वर्ष होईल. मी घर आवरायला म्हणून जाते आणि पुस्तकं वाचत बसते, त्यामुळे आवरणं काही संपत नाही. दिव्याकडे नजर गेली की मात्र मला हसू येई. सुतकी तोंडाने घर आवरावं असा माझा बेत असे. दिवा तो दर वेळी मोडे.

बाबा पुस्तकं बांधायचे. आमचं घराणं मराठ्यांच्या दरबाराबरोबर धारला आलं. दरबार गेला, दफ्तरं गेली, बांधणी तेवढी हातात राहिली. पोथ्या, जुने कोश, वकिलांची जाडजूड पुस्तकं असं काय काय येई. गिऱ्हाईक घंटी वाजवी, बाबा आतून "या" म्हणत. पुढे त्यांचे कान गेले. गिऱ्हाईक बाहेर घंटी वाजवून कंटाळे आणि बाबा आत मान खाली घालून पुठ्ठ्याला खळ लावत बसलेले असत.

आई गेल्यावर मी एकदा देवासहून न कळवता गेले. दुपारभर दार वाजवलं. मनात नको ते येऊ लागलं, तेव्हा शेजाऱ्यांच्या गच्चीवरून उतरून आत शिरले. बाबा निवांत एका पोथीची शिवण घालत होते. मला जिन्यातून येताना पाहून म्हणाले, "दारातून का नाही आलीस?" त्याच दिवशी मी त्यांची पिशवी भरली आणि त्यांना देवासला आमच्या क्वार्टरमध्ये घेऊन आले.

देवासला त्यांनी तक्रार अशी केली नाही. फक्त घरात जे हाताला लागेल ते बांधायला घेतलं. आधी माझी पुस्तकं झाली, मग ह्यांच्या कारखान्यातली मॅन्युअलं, आणि शेवटी टेलिफोन डिरेक्टरीलासुद्धा कापडी पाठ आली. बांधण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते म्हणाले, "बाई, मला घरी पोचव. इथे मी पाहुणा आहे. तिथे मला काम आहे." मी अट घातली. दार वाजलेलं तुम्हाला कळेल अशी काही सोय होऊ दे, मग पोचवते. एरवी नाही.

ही अट ह्यांनी अंगावर घेतली. देवासला कारखाने आले तेव्हा माझे सासरे महाराष्ट्रातून तिथे नोकरीला आलेले. ह्यांचं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी झकास बोलायचे, पण वाचायला दिली की चश्मा शोधत बसायचे. कारखान्यात रिलेची पॅनलं सांभाळण्यात त्यांची उमर गेली होती. रिले हा त्यांच्या मते सज्जन प्राणी. वीज दिली की खट् करून लागतो, वीज काढली की खट् करून आपला आपण सुटतो. दोन हजार साल उलटून गेलं आणि कारखान्यात रिलेच्या जागी चिपा येऊ लागल्या. ह्यांना थोड्या दिवसांच्या ट्रेनिंगला धाडलं, तिथून ते एक बोर्ड घेऊन आले. त्यावरची चिप मला दाखवून म्हणाले, "या झुरळाच्या पोटात अख्खं पॅनल आहे."

मी सुचवलं, दिवाळीची झालर टांगू या की, तीही लुकलुकतेच. हे दुखावले. झालर दिवसभर लुकलुकत राहील, तिचा घंटीशी काय संबंध? घंटी दाबली की दिवा लुकलुकला पाहिजे आणि थोड्या वेळाने गप्प झाला पाहिजे. नुसता लागून राहिलेला दिवा तर बाबांना दिसायचाच नाही. मान खाली घालून काम करणाऱ्याला नजरेच्या कोपऱ्यात हललेलं तेवढंच दिसतं. बोलणं बरोबर होतं, म्हणून मी झालरीचा नाद सोडला. घंटीचं पुढे बघू, आधी नुसता दिवा लुकलुकू दे, असं ठरलं.

मी शाळेच्या लायब्ररीत नोकरीला होते. एका संध्याकाळी घरी आले तर हे खुशीत. म्हणाले, बाबांनाच कानाशी ओरडून विचारलं दिवा कसा चालला पाहिजे, आणि त्यांनी इतकं नामी सांगितलं की मी बघतच राहिलो. नुसतं लुकलुकणं नाही, वाढता दिवा. आधी एक, मग त्यात आणखी. डोळ्यात भरेल असा. "तुझे बाबा इंजिनीअर व्हायचे राहून गेले," असंही म्हणाले. बाबा शेजारी बसून, एक अक्षर ऐकू न येता, समाधानाने मान हलवत होते.

पहिल्यांदा दिवा लागलाच नाही. ह्यांनी इंदूरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भिया, लंबी टांग प्लस में लगाई थी क्या?" दिव्याचा लांब पाय उलटीकडे गेला होता. तो फिरवला तर दुसराच घोळ निघाला. चिपचा एक पाय सॉकेटात न जाता पोटाखाली दुमडून बसला होता, मांडी घातल्यासारखा. तो चिमट्याने सरळ केला आणि दोन दिवे लागले. लागले ते लागलेच. लुकलुकायचं नाव नाही.

मग सुरू झाला तपास. चिप काढायची, कॉम्प्युटरला जोडलेल्या खोक्यात घालून प्रोग्राम पुन्हा भरायचा, परत आणून बोर्डात बसवायची. दर वेळी दिवे तसेच, टक लावून बघत असलेले. ह्यांनी क्रिस्टल बदलला, सप्लाय बदलला, रेझिस्टर बदलले. प्रोग्राममधला थांबण्याचा वेळ वाढवला. आम्ही तिघं दिव्याकडे बघत बसलो, चहावर साय धरली, दिवे ढिम्म. मला तर वाटायला लागलं की तेच आमच्याकडे बघत बसले आहेत.

बाबांना ऐकू येत नसलं तरी दिसत होतं. ते म्हणत, "जावईबापू, आता वाढवा की." हे मुकाट्याने तिसरा दिवा जोडत. बाबा कपाळाला हात लावत. "अहो, वाढवा." चौथा लागे. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते आणि ही देवाणघेवाण कानावर येत होती. मला वाटलं, दिवे कमी पडतायत म्हणून बाबा कुरकुरतायत. टेबलावर दिवाळी झाली होती आणि बाबांचं धारला जाणं तेवढंच लांबत होतं.

शेवटी बाबा उठले. त्यांनी सगळ्या दिव्यांवर तळहात पालथा धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "असा. असा वाढवायचा."

हे रडकुंडीला आले होते. ते बाबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाबा, वाढवूनच तर राहिलोय. चार झाले, आता जागा कुठाय?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. आमच्या धारच्या घरात नारळ फुटत नाही, बांगडी फुटत नाही आणि दिवा विझत नाही. सगळं वाढतं. अभद्र तोंडून काढायचं नाही, म्हणून समईची ज्योत शांत करायची तरी "समई वाढव" म्हणायचं. माझ्या जिभेवरूनही लहानपणी हा शब्द सहज जाई, पण लग्नानंतर देवासला मी इतरांसारखी बत्ती बंद करू लागले होते. बाबांनी ह्यांना सांगितलं होतं ते इतकंच: पेटवा, जरा थांबा, वाढवा, पुन्हा पेटवा. आणि ह्यांनी इमानेइतबारे वाढवला होता.

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि सांगायला तोंड उघडलं, पण हसूच आवरेना. आई गेल्यापासून आमच्यात कुणी मोठ्याने हसलं नव्हतं. बाबा माझ्याकडे घाबरून बघायला लागले. कसंबसं सांगितल्यावर ह्यांनी आपलाच तळहात चार दिव्यांवर पालथा धरून पाहिला. "दुकान बंद करण्याला दुकान बढ़ाना म्हणतात, ते माहीत होतं मला," असं हळूच म्हणाले. "बाजारात रोज ऐकतो. पण दिवासुद्धा?" मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाले की चूक निम्मी रिलेच्या सवयीची आहे. रिले असता तर फेरी संपल्यावर आपला आपण सुटला असता. ही चिप अशी की एकदा लाव म्हटलं की, कुणी बंद कर म्हणेपर्यंत लावूनच ठेवते.

तीन दिवे काढले. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढली, म्हणजे खरोखरीची वाढली, दिवा बंद करण्याची. चिप पुन्हा बसली. दिवा लागला आणि तसाच लागून राहिला.

या वेळी कुणी हसलं नाही. ह्यांनी प्रोग्राम बोट ठेवून वाचला, माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि एकदम टेबलावर थाप मारली. पेटव, थांब, बंद कर, आणि लगेच पुन्हा पेटव. दिवा विझत होता, पण विझल्यावर थांबतच नव्हता, म्हणून विझलेला दिसत नव्हता. बाबांनी थांबायला एकदाच सांगितलं होतं. हे त्यांनी बाबांना कागदावर मोठ्या अक्षरात, हिंदी वळणाच्या मराठीत लिहून दिलं: "वाढवने के बादपण थांबायला लागतं."

बाबांनी कागद दोनदा वाचला. मग आईच्या तसबिरीकडे न बघता, दिव्याकडे बघत म्हणाले, "हो. तिथेही थांबावं लागतं."

आणखी एक "थांबा" घातलं. दिवा लागला, गेला, थांबला, पुन्हा लागला. बाबांनी मान खाली घालून पुस्तक शिवण्याची नक्कल केली, कोपऱ्यातून पाहिलं आणि रिकाम्या दाराकडे बघून "या" म्हणाले. घंटीचं बटण जोडून झालं त्या रविवारी आम्ही त्यांना धारला पोचवलं. पुढची सगळी वर्षं ते तिथेच राहिले, मान वर करून गिऱ्हाइकांना "या" म्हणत.

परवा हे माझ्याबरोबर आले. घर आता बंदच राहणार, म्हणून वीज काढून घ्यायचं ठरलं होतं. मी बाबांच्या जागेवर बसून त्यांच्या दाभणांना तेल लावत होते. घंटी मुकी होऊन वर्षं झाली होती, पण तेवढ्यात नजरेच्या कोपऱ्यात लाल काही हललं. बघते तर दिवा लुकलुकत होता. हे बाहेरून, स्वतःच उघडून ठेवलेल्या दाराची घंटी दाबून, माझी वाट बघत उभे होते.

"या," मी म्हटलं.

ते आत आले. मीटरपाशी गेले, मुख्य बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"वाढवू?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

ते थांबले. दिवा आपली फेरी पुरी करून गप्प झाला. मग त्यांनी बटण खाली केलं, आणि त्यानंतरही आम्ही दोघं तिथे थोडा वेळ थांबलो.