वकीलबाईंची बाजू

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासणाऱ्या माणसाला मतं असायची गरज नसते. नंबर डॉक्टर ठरवतो, फ्रेम गिऱ्हाईक ठरवतं आणि बिल मालक. याने फक्त काच फिरत्या चाकावर धरायची, वरून पाण्याची धार सोडायची आणि कड फ्रेमच्या मापाची झाली की अंगठा फिरवून बघायचा. दिवसभर पाण्यात राहून बोटं बधिर होतात, त्याचीही सवय होते. काचवाल्यांचं उभं आयुष्य या कामात गेलं. तरी या गृहस्थाला मतं इतकी, की विचारू नका. आणि त्याचं कारण घरातच होतं, त्यांची बायको.

ती लोकांचे पडदे शिवायची आणि जगातल्या कुणाचीही बाजू घ्यायची. दूध नासलं तर दूधवाल्याची, भांडं फुटलं तर मांजराची. म्हणून मंडळातले लोक तिला वकीलबाई म्हणत. वकीलबाई एका बाजूला गेल्या, की काचवाले दुसऱ्या बाजूला गेलेच म्हणून समजा. त्यांना ती बाजू पटलेली असे की नाही, हे देव जाणे. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावं.

आता हे मंडळ म्हणजे काय, तर एका जुन्या मालिकेचे भक्त. अंतराळात वाट चुकलेलं एक जहाज, त्यावरची माणसं, यंत्रमानव, अशी ती मालिका. टीव्हीवरून ती कधीच बंद झाली, पण नाक्यावरच्या सलूनवाल्याकडे तिचे सगळे भाग होते. सुट्टीच्या दिवशी सलूनचं शटर अर्ध्यावर ओढायचं, एक भाग पाहायचा आणि मग त्यातल्या एका आरोपीवर खटला चालवायचा, हा या रिकामटेकड्यांचा नेम. दोषी म्हणणाऱ्यांनी आरशासमोरच्या फिरत्या खुर्च्यांवर बसायचं, निर्दोष म्हणणाऱ्यांनी मागच्या बाकड्यावर, जिथे गिऱ्हाइकं नंबर लागेपर्यंत बसतात. मत बदललं तर उठून जागा बदलायची. मधे उभं राहायचं नाही.

काचवाल्यांनी खुर्ची कधी सोडली नाही. ते आरशाकडे तोंड करून बोलत आणि आरशात त्यांना बाकड्यावरची बायको दिसे. त्यांचं बोलणं रंगात आलं, की तिचा हात वर जाई. "थांबा, थांबा," ती म्हणे, आणि तिथून पुढे तीच बोले.

ती गेली त्याला अजून दोन महिनेही झाले नव्हते. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणली ती तशीच. तिसऱ्या दिवशी काचवाले कामावर गेले. मालक म्हणाला, "अहो, घरी बसा." हे म्हणाले, "घासायच्या काचा पडल्यात." आणि खरंच पडल्या होत्या. लोकांना काय, बोलायला विषय झाला. कुणी म्हणालं, धक्का बसलाय. कुणी म्हणालं, एकेकाचा स्वभाव असतो. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, पण या दगडाला फुटेना.

मुलगी सासरहून येऊन राहिली होती. आईचं शिवणयंत्र पाहिलं तरी तिला हुंदका आवरत नसे. बाबा मात्र वेळेवर उठत, दाढी करत, डबा घेऊन जात, आल्यावर बातम्या लावत. एकदा त्यांनी विचारलं, "उद्या डब्याला काय?" आणि मुलीने हातातली वाटी आपटली.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी चपला घातल्या तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"कुठे निघालात?"

"सलूनमध्ये. आज नवव्याचा भाग आहे."

नववा म्हणजे त्या जहाजावरचा नववा यंत्रमानव, तो तिलाही माहीत होता. ती मालिका पाहतच मोठी झाली होती ती.

"आईचा सगळ्यात आवडता भाग. आणि तुम्ही जाऊन तो पाहणार? तिच्याशिवाय?"

"ओळीने चाललेत भाग. आज त्याचा नंबर लागला. त्याला मी काय करू?"

"बाबा, तुम्ही माणूस आहात की यंत्र हो? एक टिपूस नाही डोळ्यांतून. एक!"

काचवाल्यांना राग आला नाही. प्रश्न त्यांना रास्त वाटला. हाच प्रश्न ते स्वतःलाही विचारत होते. न्हाणीघरात नळ सोडून, दाराला कडी लावून त्यांनी रडायचा प्रयत्न करून पाहिला होता. डोळे मिटले, तिचं नाव घेतलं, ओठ वाकडे केले. बादली भरून वाहायला लागली तेव्हा नळ बंद केला आणि बाहेर आले. आत काही हललंच नव्हतं. मग त्यांना भीती वाटू लागली होती, की एवढी वर्षं आपण संसार केला तो नुसत्या सवयीने. प्रेमबिम आपल्याला झालंच नसेल. ही भीतीसुद्धा लांबून ऐकू यावी तशी होती, पण होती.

सलूनमध्ये सगळे आधीच जमले होते. बाकड्यावर बेकरीवाली बाई आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, दोघांच्या मधे वकीलबाईंची जागा तशीच सोडलेली. खुर्च्यांवर सलूनवाला आणि निवृत्त मास्तर. काचवाल्यांना पाहून मास्तरांनी विनाकारण चष्मा पुसला. काचवाले आपल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लावा."

भाग असा होता. जहाजाचा म्हातारा कप्तान आजारी पडतो. नवव्या यंत्रमानवाला सांगतो, "मी हाक मारीपर्यंत दार उघडू नकोस," आणि खोलीत जाऊन निजतो. तो पुन्हा हाक मारत नाही. नववा दाराशी उभा राहतो. कुणी आलं, की म्हणतो, "कप्तान झोपलेत." दिवस जातात. सगळ्यांना कळून चुकतं, पण हा हटत नाही. शेवटी जहाजाचा इंजिनियर दार फोडायला जातो तेव्हा नववा त्याचा हात मोडतो. मग त्याला मागून पकडून त्याची कळ बंद करतात. दार उघडल्यावर कप्तान कधीचाच गेलेला असतो.

"बिघडला होता," सलूनवाल्याने सुरुवात केली. "एक घाव दोन तुकडे. माणसाचा हात मोडला म्हणजे भंगारात."

"हुकूम पाळला त्याने," ड्रायव्हर म्हणाला. "आम्हाला नाही का सांगत, साहेब सांगतील तेव्हाच गाडी काढायची?"

"आणि खोटं बोलला ते?" मास्तर म्हणाले. "झोपलेत म्हणे! यंत्र खोटं बोलायला लागलं की त्याचा भरवसा संपला."

"इश्श, मास्तर," बेकरीवाली म्हणाली, "माझ्या भट्टीचा काटा रोज खोटं बोलतो. काढून टाकू काय?"

थोडं हसू झालं. मग सगळे काचवाल्यांकडे पाहू लागले, कारण आता पाळी कुणाची ते सगळ्यांना माहीत होतं.

काचवाले आरशाकडे पाहून बोलू लागले. हे भाषण त्यांनी या भागावर दर वेळी केलेलं. शब्द आपोआप येत होते.

"त्याला काही वाटत होतं, असं म्हणतात काही लोक. मी म्हणतो, कशावरून? वाटलं असतं तर वागण्यात फरक पडला असता. हा तर रोजच्यासारखाच. वेळेवर दिवे लावतो, वेळेवर विझवतो. सगळी कामं जिथल्या तिथे. ज्याला काहीच झालेलं नाही तोच असा वागतो. म्हणजे..."

इथे ते थांबले.

आरशात बाकडं दिसत होतं. ड्रायव्हर, बेकरीवाली, मधे जागा. कुणाचा हात वर आला नाही.

काचवाले थांबूनच राहिले. त्यांच्या लक्षात आलं, की 'म्हणजे'च्या पुढे ते आजवर कधी गेलेच नव्हते. पुढचं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. दर वेळी इथेच तिने अडवलं होतं आणि दर वेळी ते मनातून खूश होऊन, वरून चिडून, खुर्ची गर्रकन फिरवत होते. आता अडवायला कुणी नव्हतं आणि त्यांना बोलवत नव्हतं. शिवाय पुढे काय येणार ते आज त्यांना दिसत होतं, आणि ते नवव्याबद्दल नव्हतं.

"बोला ना," सलूनवाला हळूच म्हणाला.

काचवाले उठले. मधली फरशी ओलांडून बाकड्यापाशी गेले. ड्रायव्हर थोडा सरकला. ते वकीलबाईंच्या जागेवर बसले. समोर आरशात त्यांची रिकामी खुर्ची अजून जराशी हलत होती.

"थांबा, थांबा," ते त्या खुर्चीला म्हणाले.

मग ते बोलत राहिले, आणि बोलता बोलता त्यांनाच नवल वाटलं. स्वतःचं म्हणणं अर्ध्यावर संपलं होतं, तिचं मात्र शेवटपर्यंत पाठ होतं. नवव्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दार उघडलं की ते खरं होणार होतं, म्हणून त्याने उघडलं नाही. दिवे त्याने लावले, कारण कप्तान असताना तो तेच करत होता.

"कामं करत होता म्हणून काही वाटत नव्हतं, असं कसं म्हणता तुम्ही?" काचवाले म्हणाले. ते तिचंच वाक्य होतं, त्यातल्या 'तुम्ही'सकट. "त्याला रडता येत नव्हतं हो. म्हणून तो दार धरून उभा राहिला."

मास्तर उठले आणि बाकड्यावर येऊन बसले. सलूनवाला एकटाच खुर्चीवर उरला. "मग मीच काय घोडं मारलंय," म्हणत तोही आला. चौघांच्या बाकड्यावर पाच माणसं दाटीवाटीने बसली. खुर्च्यांवर कुणीही नाही, असं मंडळात पूर्वी कधी झालं नव्हतं. बेकरीवाली पदराने डोळे पुसत होती. काचवाल्यांचे कोरडे होते. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं.

घरी आले तेव्हा मुलगी ओट्याशी काहीतरी निवडत होती. सकाळचं बोलणं तिला लागून राहिलं असावं. मान वर न करता तिने विचारलं, "कोण जिंकलं?"

"तुझी आई."

काचवाल्यांनी चपला काढल्या. खटला झाला की घरी आल्यावर पुन्हा एकदा भांडायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. ती आतल्या खोलीत पडद्यांच्या ढिगात बसलेली असायची आणि हे दारातूनच सुरू करायचे. पाय आपोआप तिकडे वळले.

"अगं, ऐकलंस का," ते म्हणाले, "सगळेच्या सगळे तुझ्या..."

शिवणयंत्रावर झाकण होतं. खिडकीला तिने शिवलेला पडदा होता.

काचवाल्यांना आत जाता येईना आणि मागे फिरता येईना. रोज पाण्यात राहणाऱ्या त्या बोटांनी त्यांनी दाराची कड धरली, आणि ती काही केल्या सुटेना.

मुलगी हातातलं टाकून आली. आधी ती बाबांना धरून आणून बसवणार होती. मग तिने त्यांचा हात पाहिला, दार पाहिलं, आणि ती थांबली. नवव्याचा भाग तिनेही लहानपणी कितीदा पाहिला होता, आईच्या मांडीवर बसून. ती त्यांना हलवायला गेली नाही. शेजारी जाऊन तीही दाराशी उभी राहिली.