दिसतं ते सांग

शुभदा गेल्याचं मी सकाळी सगळ्यांना कळवलं आणि पहिला फोन आला तो तिच्या हॉस्पिटलमधल्या एका तरुण डॉक्टरचा. तिच्या हाताखाली शिकलेला मुलगा. सांत्वनाचं काहीबाही इंग्रजीत बोलला आणि मग रडू आवरत म्हणाला, "सर, आम्ही सगळे तुमची फुप्फुसं ओळखतो. नॉर्मल कसं दिसतं ते डॉक्टर आम्हाला नेहमी तुमच्यावरच दाखवायच्या." बायको जाऊन जेमतेम एक सकाळ झालीय आणि कुणी आपल्या फुप्फुसांची स्तुती करतंय, यावर माणसाने काय बोलावं? मी थँक यू म्हणालो. फोन ठेवला आणि मग रडलो. हा किस्सा ऐकून पोट धरून हसली असती ती एकच व्यक्ती, आणि ती आता घरात नव्हती.

आम्ही अमेरिकेत, मॉरिसव्हिलला येऊन वीसेक वर्षं झाली. मी पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. ती नागपूरची, हॉस्पिटलात दाखल झालेल्या पेशंटांना बघणारी डॉक्टर. स्टेथोस्कोपवर तिचा भारी जीव, आणि आपल्या कानांवर त्याहून जास्त. पण पन्नाशी उलटली तेव्हा तिच्या आजूबाजूची नवी पोरं कोटाच्या खिशातून दाढीच्या मशीनएवढा सोनोग्राफीचा प्रोब काढायला लागली होती. तो फोनला जोडायचा, पेशंटच्या छातीला लावायचा, की फुप्फुसात पाणी आहे का ते खाटेपाशीच दिसतं. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटला दमा आहे असं शुभदा म्हणाली आणि तिच्याच हाताखालच्या मुलीने प्रोब लावून पाणी दाखवलं. त्या दिवशी घरी आली ती धुसफुसतच. "सगळे त्या स्क्रीनकडे बघून माना डोलवत होते, मिलिंद, आणि मला नुसतं करडं-पांढरं दिसत होतं. काहीच कळत नव्हतं रे." दुसरी कुणी असती तर चार दिवस पोरांना नावं ठेवून गप्प बसली असती. हिने कोर्सला नाव घातलं आणि स्वतःसाठी प्रोब मागवला.

"आजारी फुप्फुस ओळखायचं तर आधी नॉर्मल पाठ व्हायला पाहिजे नं," असं म्हणून तिने मला सोफ्यावर आडवं केलं. लोक मेल्यावर देहदान करतात, माझं जिवंतपणीच झालं. रविवारचा चहा झाला की शर्ट काढायचा, ते गारेगार जेल सोसायचं आणि ती सांगेल तसा श्वास घ्यायचा. तिच्याबरोबर मीही बघायला शिकलो, कारण तिथे पडून दुसरं करणार काय. दोन बरगड्यांच्या दोन काळ्या सावल्या, मधे एक पांढरी रेघ. ती रेघ श्वासाबरोबर चमचम करत सरकते. प्रोब उजवीकडे खाली नेला की करडं लिव्हर दिसतं, आणि खोल श्वास घेतला की वरून हवेने भरलेलं फुप्फुस खाली येतं आणि लिव्हरला झाकून टाकतं. याला डॉक्टर लोक पडदाच म्हणतात. शुभदाला तो फार आवडायचा. "बघ, आला… गेला… आला," असं ती पुटपुटत राहायची आणि माझा चहा उतरून मला डुलकी लागायची.

एका रविवारी मात्र ती एकदम ताठ झाली. चेहरा पांढराफटक. "मिलिंद, तुझं फुप्फुस सरकत नाहीये." मी बोटाने खुणा करत होतो, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. शेवटी मी भसकन श्वास सोडला आणि म्हणालो, "तूच मला श्वास धरायला सांगितलास आणि विसरलीस." ती आधी रागावली, मग हसता हसता जमिनीवर बसली. तेव्हापासून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला. आधी दिसतं ते मोठ्याने सांगायचं, त्याचा अर्थ नंतर. पुढे तिच्या पोरांनाही ती हेच सांगायची. कुणी घाईने न्यूमोनिया म्हणालं की थांबवायची. वाटतं ते नको, दिसतं ते सांग.

वर्षभरात तिचा हात असा बसला की विचारू नका. मग आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांची धडगत नसे. श्रीखंड-पुरी पोटात गेली की एखाद्या काकांना खुर्चीत उलटं बसवून त्यांची पाठ उघडी करायची. आमची मुलगी सई तोंड लपवायची. "आई, दीज आर गेस्ट्स. यू कान्ट डू धिस." शुभदा म्हणायची, "काहून? कॉफीसोबत फुकट स्कॅन मिळतोय त्यांना." नाही म्हणताच यायचं नाही, असा तिचा आग्रह असायचा.

गेल्या वसंतात इथली पाइनची झाडं फुलली. परागकणांची पिवळी धूळ गाड्यांवर, खिडक्यांवर, डेकवरच्या खुर्च्यांवर बसली, आणि शुभदाला खोकला लागला. "पोलन आहे," ती म्हणाली. पाऊस पडून धूळ धुऊन गेली तरी खोकला राहिला. जिना चढताना ती मधेच थांबून फोन बघितल्यासारखं करायची. मग एका रविवारी चहानंतर मी सवयीने शर्टाची बटणं काढायला लागलो तर म्हणाली, "तू नको आज. माझ्या पाठीला हात पुरत नाही, तू धर."

ती खुर्चीत उलटी बसली, फोन तिच्या हातात, प्रोब माझ्या. "थोडं खाली… अजून थोडं बाहेर… बस." मी तिच्या खांद्यावरून स्क्रीन बघत होतो. लिव्हर दिसलं. तिने खोल श्वास घेतला, खोकली, परत घेतला. पडदा आला नाही. जिथे तो यायला हवा तिथे नुसतं काळं होतं. मी काही डॉक्टर नाही, पण मला दुसरं काही येत नसलं तरी नॉर्मल पाठ होतं, आणि हे ते नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "पाणी आहे." डावी बाजू बघून घेतली, ती ठीक होती. "प्रोब नीट पूस रे, जेल राहिलं तर खराब होतो." एवढंच बोलली आणि आत जाऊन तिच्या सहकारी डॉक्टरला फोन लावला. मी प्रोब पुसत उभा राहिलो. किती वेळ पुसत होतो कुणास ठाऊक.

जन्मात सिगरेट न ओढलेल्या बाईला फुप्फुसाचा कॅन्सर. त्याची हकीकत सांगण्यात काही अर्थ नाही, ज्यांच्या घरात झालं त्यांना माहीत आहे. पाणी काढायला तिच्या कुशीत एक बारीक नळी बसवली होती आणि ते काम मला शिकवलं होतं. पाणी काढलं की ती म्हणायची, "बघ नं, आला का पडदा?" मी बघायचो, आणि सुरुवातीला तो यायचा. थोडा, हळू, पण यायचा. त्या दिवशी आम्ही दोघं वेड्यासारखे खुश असायचो. मग नळीतून पाणी येईनासं झालं. पाणी मात्र होतंच.

शेवटी तिने हॉस्पिटल नको म्हटलं. खाली फॅमिली रूममध्ये पलंग लावला. एका दुपारी डोळे मिटूनच म्हणाली, "आज एकदा बघ." मी म्हटलं, राहू दे ना. "बघ." मी प्रोब लावला. फोन तिच्याकडे वळवला तर तिने मान फिरवली.

"दिसतं ते सांग."

 जगातलं कुठलंही खोटं त्या क्षणी मी बोललो असतो.

"मिलिंद…"

"काळं आहे," मी म्हणालो. "पार वरपर्यंत. मधे फुप्फुसाचा छोटासा तुकडा हलतोय."

"पडदा?"

"नाही."

"थांब, श्वास घेते." तिने होती नव्हती ती सगळी ताकद लावून श्वास घेतला. मी बघत होतो. "नाही येत, शुभा."

माझ्या प्रोबवरच्या हातावर तिने हात ठेवला. "बरोबर वाचलंस," म्हणाली. "आता परत नको बघू." त्याच आठवड्यात ती गेली.

सई आता शार्लटहून दर शनिवार-रविवार येते. मागच्या खेपेला तिने आईच्या ड्रॉवरमधून प्रोब आणि तिचा फोन काढून चार्जिंगला लावले आणि म्हणाली, "बाबा, शो मी. आईने तुला शिकवलं ते." मी नको म्हणणार होतो, पण ती पाठमोरी होऊन खुर्चीत बसलीसुद्धा. मी जेल लावलं. लिव्हर दिसलं. "डीप ब्रेथ घे." पडदा झर्रकन खाली आला, तरुण, हवेने भरलेला.

"दॅट्स नॉर्मल?"

"एकदम नॉर्मल."

ती मान वळवून स्क्रीन बघत राहिली. "सो आईचं पण असंच दिसायचं? बिफोर?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. असंच दिसत असणार, दुसरं कसं दिसणार? पण मला ते माहीत नव्हतं. तिने माझं पाहिलं, निम्म्या मॉरिसव्हिलचं पाहिलं, आणि ती धडधाकट होती तेव्हा तिच्या पाठीला एकदाही प्रोब लावावा असं कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा. तिचं नॉर्मल कुणीच पाहिलेलं नाही, आणि आता ते दिसणारही नाही.

"माहीत नाही, बाळा," मी म्हणालो. "कधी पाहिलंच नाही."

 सईची पाठ माझ्या हाताखाली हलत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "सेव्ह इट, बाबा. माझं तरी समवन शुड हॅव."

मी सेव्ह करायला गेलो. नाव लिहायच्या जागी पहिलं अक्षर टाकायच्या आतच फोनने आपणहून शब्द पुढे केले. शुभदाने इतक्या रविवारी तेच लिहिलं होतं: मिलिंद, नॉर्मल.

माझ्याने ते पुसवेना. शेवटी सईनेच फोन माझ्या हातातून काढून घेतला.