आक्कांचा अनुभव

मोबाईलवर समोरून फोन आला तरी आपलेच पैसे कापले जायचे, ते दिवस. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आम्ही सिडकोत दोन खोल्यांत राहत होतो. नवरा वाळूजच्या एका कारखान्यात, मुलगी पाचवीत, आणि मी बी.ए. होऊन घरात. खायची-प्यायची ददात नव्हती, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढचं ऐकलं की लोक माझ्यासाठी गरिबी शोधायला लागतात. गरिबी नव्हती. मला कुणीतरी मॅडम म्हणावं, एवढंच होतं.

वरच्या मजल्यावरची शेजारीण 'सहज चल' म्हणून मला क्रांती चौकाजवळच्या एका हॉटेलात घेऊन गेली. हॉलच्या दारातच टाय लावलेल्या एका माणसानं हात जोडले, "या मॅडम." झालं माझं काम. पुढं दोन तास त्यानं पांढऱ्या फळ्यावर गोल काढले. वर एक गोल, तो मी. माझ्याखाली मी आणलेली दोन माणसं, त्यांच्याखाली त्यांनी आणलेली चार. खालच्या गोलानं कंपनीच्या रसाची बाटली घेतली की वरच्या गोलाला कमिशन. रस कसला, तर वीस-बावीस वनस्पतींचा, आणि तो कशावर चालत नाही ते विचारा.

शेवटी तो म्हणाला, शंका विचारा. मी उठून विचारलं, "हे कायदेशीर आहे का?" हॉलमधला सगळ्यात हुशार प्रश्न मीच विचारला होता, याचा मला किती तरी दिवस अभिमान होता. त्यानं फाइल उघडली. आत लॅमिनेट केलेला शिक्क्याचा कागद होता. तो रांगांमधून फिरला, सगळ्यांनी प्रसादासारखा दोन्ही हातांत घेतला आणि पुढं दिला. कागद खरा होता. कंपनीची नोंदणी झालेली आहे, एवढंच त्यावर लिहिलं होतं. माझ्या प्रश्नाला तेवढं पुरलं. दुसरा प्रश्न मला सुचला नाही.

मग वही दिली आणि ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहायला सांगितली. पहिलं नाव मी आक्कांचं लिहिलं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वैजापूरला राहायच्या. दीर तिथल्या मार्केट यार्डात एका कांद्याच्या अडत्याकडे कामाला होते. मला आई नव्हती, म्हणून माझं बाळंतपण आक्कांनी केलं. सव्वा महिना त्यांनी मला थंड पाण्यात बोट बुडवू दिलं नाही, आणि पोरगी झाली म्हणून नाक मुरडणाऱ्या एका चुलतसासूला तर उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. गल्लीत बारसं असो की मयत, पहिला निरोप आक्कांकडे जायचा. आणि त्यांना शुगर होती. रोज दोन गोळ्या चालू होत्या.

टायवाल्यानं वही बघितली, चौकशी केली आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या तर घरातच अनुभव आहे."

अनुभव हा त्या धंद्यातला शब्द. मीटिंगमध्ये एकेकानं उठून सांगायचं, माझे गुडघे थांबले, माझ्या सासऱ्यांचा दमा गेला. बाटलीवर मात्र मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं, की हे औषध नाही. मी ते वाचलं होतं. त्याला दाखवलंही होतं. तो जराही गडबडला नाही. "बरोबर आहे, आपण औषध विकतच नाही. आपण अनुभव सांगतो. अनुभव सांगायला कायद्यानं बंदी आहे का?" नव्हती.

नवरा एकदाच बोलला, "वहिनीला यात घेऊ नको." मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग तोही गप्प बसला.

आक्कांना पटवावं लागलंच नाही. मी बाटली पुढं ठेवली, तेव्हा त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तू म्हनतीस म्हंजी चांगलंच आसंल. तू शिकलेली हायस." दोन महिन्यांनी त्यांचं लघवी-रक्त तपासलं, तर शुगर नॉर्मल. गोळ्या चालू होत्या, रस चालू होता, आणि माझ्या सांगण्यावरून गोड चहाही सुटला होता. कशानं उतरली कोण सांगणार? मी त्या रिपोर्टाच्या झेरॉक्स काढल्या आणि क्रांती चौकातल्या हॉलमध्ये उभी राहिले. "माझ्या जाऊबाईंची शुगर नॉर्मल आली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायची ती पहिलीच वेळ.

त्या संक्रांतीला मी डोकं चालवलं. मला माझी ही अक्कल तेव्हा फार थोर वाटली होती. वैजापूरला आक्कांच्या घरी हळदीकुंकू ठेवलं आणि वाण म्हणून कंपनीच्या रसाच्या छोट्या बाटल्या लुटल्या. प्रत्येक बाटलीला मीटिंगची चिठ्ठी रबरानं बांधलेली. सवाष्ण बाई वाण नाकारत नाही, आणि आक्कांच्या हातचं तर नाहीच नाही. पस्तीसेक बायकांनी पदर पुढं केला. पदरात घेतलेल्या वस्तूबद्दल आठ दिवसांनी फोन आला, तर नाही कसं म्हणायचं? त्यातल्या अकराजणी आक्कांच्या खाली लागल्या. म्हणजे माझ्याच खाली.

शेजारची शिवणकाम करणारी मुसलमान बाई दरवर्षी तिळगुळापुरती यायची. तिनं बाटली बघितली आणि मला विचारलं, "ये दवा है के धंदा है, बाई?" मी हसून म्हटलं, दोन्ही. "दोनो एक साथ कैसा चलता?" एवढंच बोलली. तिळगूळ घेतला आणि बाटली कट्ट्यावर ठेवून गेली. मला राग आला. दुधात मिठाचा खडा टाकला बाईनं, असं मी आक्कांना म्हटलं. आक्कांनी ती बाटली उचलून आत नेली.

उन्हाळ्यात आक्कांचा फोन आला, शेजारच्या दुकानातून. "आता गोळ्या कशापायी खायाच्या गं? नारमल आलंय नव्हं?"

मी म्हणाले, "आक्का, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"लई बरं वाटतंय."

"मग झालं तर."

गोळ्या बंद करा, असं मी म्हणाले नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात म्हणून पाहिलंय की आता ते पाठ झालंय. ते खरंही आहे. पुढं कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं, टायवाला गाव सोडून गेला, सरकारनं अशा धंद्यांसाठी नियमही केले म्हणे. माझ्यावर कसली केस झाली नाही. मी कुणाला फसवल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. मी सगळं कायद्यात बसूनच केलं.

त्या फोनला आठ-नऊ महिने झाले असतील. आक्कांच्या पायाला नवी चप्पल चावली. त्यांनी हळद दाबली, मग कुणी सांगितलं म्हणून माझाच रस लावला. दीर त्यांना आमच्याकडे घेऊन आले, तेव्हा पायाची दोन बोटं काळी पडली होती आणि रिक्षात वास येत होता. ती दोन बोटं काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ आले. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?" आक्का म्हणाल्या, "वरीस होत आलं." "कुणी बंद करायला सांगितल्या?"

मी पायथ्याशी उभी होते. आक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोन सांगनार? मीच इसरले. म्हातारपन."

डॉक्टर त्यांच्यावर ओरडले. अडाणीपणा, निष्काळजीपणा, बरंच काही. आक्का मान हलवत राहिल्या. मी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते. मला तेव्हा काय वाटलं, असं मुलीनं एकदा विचारलं. काही वाटलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण पायाला मुंग्या आल्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही, तशी मी आतून झाले होते. आणि ते पूर्णपणे उतरलं, असं आजही मला म्हणवत नाही.

डॉक्टर गेल्यावर आक्का हळूच म्हणाल्या, "तुजं त्ये लेवल का काय, या म्हैन्यात व्हनार व्हतं ना?"

"राहू द्या आक्का."

"राहू द्या काय? आमच्या गल्लीतल्या दोघी तयार हायेत. मी बोलून ठिवलंय. यांच्या हाती कागद दे."

फॉर्म माझ्या पर्समध्ये असायचेच. मी दोन काढले, सही कुठं करायची तिथं फुल्या मारल्या आणि दिरांच्या हातात दिले. दीर ते बघत उभे राहिले. मग घडी करून त्यांनी खिशात घातले.

दोन्ही फॉर्म भरून आले, माझ्या खालच्या माणसांचा ठरलेला आकडा भरला आणि माझी लेव्हल पूर्ण झाली. म्हणजे हॉलमध्ये स्टेजवर बोलावणं, हार आणि छातीवर सोनेरी पिन. आक्का ड्रेसिंगसाठी आमच्याकडेच होत्या. त्यांना आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन होतं आणि त्यांच्या पोटावर सुई टोचायला मी शिकले होते. त्या म्हणाल्या, "मला बी येऊ दे. टेजवर बघू दे तुला." मी त्यांना तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं. बँडेजवर त्यांनी लुगड्याचा घोळ ओढून घेतला होता.

माझं नाव पुकारलं. हातात माईक आला आणि तोंडातून वर्षभर सांगत आले होते तोच अनुभव बाहेर पडला. "माझ्या जाऊबाईंची शुगर नॉर्मल आली." बोलता बोलता मी त्यांच्याकडे बघत होते, तरी वाक्य अडखळलं नाही. टायवाल्यानं विचारलं, "त्या जाऊबाई आज आल्यात का इथं?" आक्कांनी हात वर केला. उठून उभं राहा, असा आग्रह झाला, तेव्हा त्या बसल्या बसल्याच हसल्या. टाळ्यांनी हॉल दणाणला.

नंतर चहा-समोसे होते. मी हार घेऊन आक्कांपाशी आले, तर त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती. देवगाव रंगारीहून नवऱ्यासाठी आली होती, त्याला शुगर होती. तिनं आक्कांचा हात धरला होता.

"खरं सांगा आक्का, गोळ्या बंद झाल्या का तुमच्या?"

आक्कांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी सकाळचं इन्सुलिन मीच दिलं होतं. मी एक शब्द बोलायचा अवकाश होता. बाई आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. हार हातात ओला लागत होता.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "कवाच्याच बंद झाल्या."

बाईनं देवाला हात जोडले. मग शेजारच्या खुर्चीवरचा फॉर्म उचलला आणि पिशवीत पेन शोधायला लागली. तिला सापडेना. मी माझा दिला.