आरतीत न आलेला खोकला

नव्वदच्या दशकात आम्ही लखनौला अलीगंजात राहायचो, तेव्हा मला वर्षभर कोरडा खोकला होता. डॉक्टर म्हणाले, "भाईसाहब, छाती तो बिलकुल साफ है." मेंदूच हळवा झालाय, घशात काही नसताना खोकायचा हुकूम सोडतो, म्हणे. मी भडकलो. म्हणजे काय, मी नाटक करतोय?

गणपतीत आम्हा बँकेतल्या मराठी कुटुंबांची एकत्र आरती असायची. त्यात एक सूर लांबवायचा असतो, आणि तो सगळ्यांत शेवटी कोण सोडतो याची चुरस लागते. बायको डोळ्यांनी 'नको' म्हणत होती. मी मुद्दाम सूर धरला. एकेक जण गळाला, मी एकटा उरलो, आणि खोकला? नावालाही नाही! अख्ख्या आरतीत एकदाही नाही! डॉक्टर खरंच बोलले होते! मेंदू सुरात गुंतला आणि हुकूम सोडायचंच विसरला!

"अगं, खोकला गेला!" हातातला गरम मोदक नाचवत मी ओरडलो.

बायको हरखून म्हणाली, "खरंच? बघा बरं, घशात आता काहीच होत नाही?"

मी घशाकडे नीट लक्ष दिलं, आणि मोदक गार होईपर्यंत खोकत राहिलो.